सहिष्णुता आणि व्यासपीठ



'सहिष्णुता' हा शब्द तुम्ही आजवर अनेक वेळा ऐकला असेल. निबंधात तो येतो, वक्तृत्वस्पर्धेत येतो, राष्ट्रीय सणांच्या दिवशी होणाऱ्या भाषणांत तर हमखास येतो. परंतु शब्द फार वेळा कानांवर पडला म्हणजे त्याचा अर्थ मनात उतरलाच, असे होत नाही. संस्कृतातील 'सह्' म्हणजे सोसणे या धातूपासून हा शब्द बनला आहे. सहिष्णू म्हणजे सोसणारा. आता माणूस सोसतो ते काय? पायात रुतलेला काटा, वैशाखातील उकाडा, शेजारच्या घरातील गोंगाट. जे आवडत नाही, पण टाळताही येत नाही, ते आपण सोसतो. मग ज्याचा धर्म आपण केवळ सोसतो, त्या माणसाविषयी आपल्या मनात आदर आहे, असे म्हणता येईल काय?

आमच्या मते सोसणे ही पहिली पायरी होय आणि समजून घेणे ही दुसरी. पहिली पायरी क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावाचून दुसरीवर पाऊल टाकताच येत नाही. परंतु जो समाज पहिल्याच पायरीवर थांबतो, त्याला खाली घसरावयास एखादी अफवाही पुरते. या दुसऱ्या पायरीवर चढण्यासाठी आपल्याकडे गेल्या दीड-दोन शतकांत जी साधने निर्माण झाली, त्यांत जाहीर व्याख्यानाचे स्थान मोठे आहे. त्या साधनाचा थोडा इतिहास, त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा यांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वादाकडून व्याख्यानाकडे

कीर्तन, पुराण आणि प्रवचन आपल्याकडे फार जुनी आहेत. परंतु कीर्तनकार आणि त्याचे श्रोते बहुधा एकाच श्रद्धेचे असतात. देवळात हिंदूंनी ऐकावे, चर्चमध्ये ख्रिस्ती बांधवांनी ऐकावे, मशिदीत मुसलमान बांधवांनी ऐकावे, अशी ही व्यवस्था. तेथे परक्याला मज्जाव असेलच असे नाही. पण ते बोलणे परक्यासाठी नसते.

एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या धर्मांची माणसे धर्माविषयी बोलण्यासाठी समोरासमोर आली, ती प्रथम भांडावयास. १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याचा मोरभट दांडेकर या शास्त्र्यांशी जाहीर वाद झाला. पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी, शेकडो लोकांच्या देखत, असेच वाद रंगले. या वादांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. आपल्या श्रद्धेवर कोणी प्रश्न विचारू शकतो आणि त्याचे उत्तर काठीने नव्हे तर शब्दाने द्यावयाचे असते, हे लोकांनी त्या वाळूत बसून प्रथम पाहिले. तथापि वादाचा एक स्वभावधर्म असतो. वाद करणारा प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचतो, ते त्यातील दुबळे स्थळ शोधण्यासाठी. श्रोतेही कोण हरले आणि कोण जिंकले, एवढेच घरी घेऊन जातात.

व्याख्यान याहून वेगळे. तेथे कोणाला हरवावयाचे नसते. विषय उलगडून सांगावयाचा असतो. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी एक सभा स्थापिली, आणि तिच्या आश्रयाने मराठीत व गुजरातीत ज्ञानप्रसाराच्या स्वतंत्र शाखा निघाल्या. तेथे हिंदू आणि पारशी तरुण निबंध वाचू लागले. पुढे पुण्यास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे, अध्यक्ष असावेत, वक्त्याने एक विषय मांडावा, आणि न पटले तरी श्रोत्यांनी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही शिस्त मराठी माणसाच्या अंगवळणी पडली ती अशा मालांमुळे. न पटणारे शांतपणे ऐकणे हीच सहिष्णुतेची पहिली तालीम होय.

शिकागोची परिषद

या पद्धतीचा जगातील सर्वांत गाजलेला प्रयोग १८९३ साली अमेरिकेत शिकागो येथे झाला. ११ ते २७ सप्टेंबर असे सतरा दिवस तेथे सर्वधर्मपरिषद भरली होती. प्रत्येकाने आपल्या धर्माचे प्रतिपादन करावे, दुसऱ्याच्या धर्मावर हल्ला करू नये, असे तिचे धोरण होते. स्वामी विवेकानंदांच्या भाषणाची हकीकत तुम्हांला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहेच. परंतु आपल्याकडून गेलेले ते एकटेच नव्हते. ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मुजुमदार होते, जैन धर्माविषयी बोलणारे वीरचंद राघवजी गांधी होते, मुंबईहून गेलेले बी. बी. नगरकर होते, सिंहलद्वीपातून बौद्धांच्या वतीने अनागारिक धर्मपाल आले होते.

या परिषदेचे गुणगान करताना तिच्यातील उणीवही पाहिली पाहिजे. वक्त्यांत ख्रिस्ती वक्त्यांचीच संख्या फार मोठी होती. इतके असूनही कँटरबरीच्या आर्चबिशपांनी तीत भाग घेण्याचे नाकारले. इस्लामची बाजू मुख्यत्वे मांडली ती अलेक्झांडर रसेल वेब या अमेरिकन गृहस्थांनी. ते स्वतः मुसलमान झालेले असल्याने त्यांची निष्ठा खरी होती. पण इस्लाम ज्या देशांत शतकानुशतके नांदला, तेथील मुसलमानांचा आवाज त्या सभागृहात फारसा उमटला नाही. म्हणून कोणत्याही सर्वधर्मसभेत दोन गोष्टी पाहाव्यात: व्यासपीठावर कोण बसले आहे, आणि कोण बसलेले नाही.

सांकवाळचा मुलगा, बडोद्याचे व्यासपीठ

शिकागो दूरचे. आता आपल्याच मातीतील एक उदाहरण घेऊ. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. घरची भाषा आमच्यासारखीच कोकणी. शाळेचे शिक्षण बेताचे. तरुणपणीचा बराच काळ नारळीच्या बागा सांभाळण्यात गेला. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांच्या मनाने असा ध्यास घेतला की, हा धर्म मुळातून शिकावयाचा. १८९९ साली ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत, मिळेल ते खात आणि बरेचसे अंतर पायी तोडीत, ते १९०२ साली सिंहलद्वीपात पोचले. तेथील विद्योदय विहारात त्यांनी पाली भाषेचे अध्ययन केले आणि भिक्षुदीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

हे सारे त्यांनी स्वतःपुरते ठेवले असते तरी एक थोर साधक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु आपल्या लोकांना हे कळले पाहिजे, ही तळमळ त्यांना होती. कलकत्त्याच्या विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम त्यांना मिळाले होते. तेवढ्यात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली. बडोद्यात त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० साली निघाले.

या व्याख्यानांचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या श्रोत्याची मनःस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. बुद्ध हे नाव त्याला अपरिचित नव्हते. दशावतारांत नववा अवतार म्हणून ते त्याने ऐकलेले होते. देवळाच्या खांबावर, पंचांगाच्या चित्रात त्याने पाहिलेले होते. परंतु बुद्धाला मानणारे लोक बुद्धाविषयी काय मानतात, हे त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्याच्या पूज्य पुरुषाला आपल्या देवांच्या यादीत जागा देणे यात औदार्य असते. पण ते त्याला समजून घेणे नव्हे. पुष्कळदा तर त्या औदार्यामुळेच समजून घेण्याची गरज वाटेनाशी होते. 'ते आमचेच आहेत' असे एकदा म्हटले की प्रश्न संपला! धर्मानंदांनी हा संपलेला प्रश्न पुन्हा उघडला. बौद्धांच्या स्वतःच्या पाली ग्रंथांच्या आधाराने, भिक्षूंच्या सहवासात राहून जे शिकले ते, त्यांनी साध्या मराठीत सांगितले. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, रशियातील लेनिनग्राडपर्यंत पोचले; तरी मराठी वाचकासाठी लिहिणे त्यांनी सोडले नाही. १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळालेले दुसरे एक नाव येथे सांगितले पाहिजे. सीमाभागातील जमखंडी येथे १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी राहिले, आणि १९०३ साली अ‍ॅमस्टरडॅम येथील उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी निबंध वाचला. परत आल्यावर अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याला त्यांनी आयुष्य वाहिले. जगातील धर्मांचे ज्ञान आणि आपल्या गावातील माणसाविषयीचा न्याय या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

ऐकणाऱ्याची मोकळीक

धर्मानंदांच्या सांकवाळविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या गावचा लक्ष्मीनृसिंह आज तेथे नाही. तो वेलिंग येथे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली साष्टी प्रांतातील देवळे पाडली गेली, तेव्हा अनेक देवतांप्रमाणे त्यालाही स्थलांतर करावे लागले. त्याच साष्टीत, रायतूर येथे, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने आपल्या धर्माची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली. परक्या भाषेवर एवढे प्रेम करणारा माणूस विरळा, आणि मराठी वाङ्मयात त्या ग्रंथाचे स्थान मानाचे आहे. परंतु तेव्हाच्या साष्टीतील रहिवाशाला 'हे मला पटत नाही' असे निर्भयपणे म्हणण्याची सोय होती काय? ती नव्हती. भाषा गोड आणि भाव निर्मळ असूनही, ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल, तर तेथे धर्माचे सांगणे होते. धर्माधर्मांतील संवाद होत नाही. हे एकाच धर्माला किंवा एकाच काळाला लागू आहे असे नाही. जेथे जेथे सांगणाऱ्याच्या पाठीशी सत्ता अगर संख्या उभी असते, तेथे तेथे त्याने अधिक जपून बोलले पाहिजे.

चार कसोट्या

वरील उदाहरणांवरून व्याख्यान पारखण्याच्या चार कसोट्या आम्हांस सुचतात.

पहिली कसोटी ही, की ज्याच्या धर्माविषयी वक्ता बोलतो आहे, त्या धर्माचा माणूस सभेत बसला असता त्याने 'होय, आम्ही असेच मानतो' असे म्हटले असते काय? तो नाही म्हणणार असेल, तर वक्त्याने कितीही स्तुती केलेली असो, ते व्याख्यान फसले.

दुसरी कसोटी तुलनेची. आपला ग्रंथ आणि दुसऱ्याचे आचरण यांची तुलना करण्याची खोड सर्वांनाच असते. आपल्या संतांचे वचन एका पारड्यात आणि दुसऱ्याच्या गावगुंडाचे कृत्य दुसऱ्या पारड्यात घातले, तर काटा कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको. वचनाशी वचन आणि आचरणाशी आचरण ताडून पाहावे.

तिसरी कसोटी भेदाची. 'सर्व धर्म एकच सांगतात' हे वाक्य टाळ्यांचे आहे, पण अभ्यासाचे नाही. सृष्टीचा कर्ता ईश्वर आहे, हे ख्रिस्ती आणि मुसलमान बांधव मानतात. बौद्ध आणि जैन मानत नाहीत. हा भेद लहान नव्हे. तो झाकून ठेवल्याने मैत्री वाढत नाही. भेद ठाऊक असूनही जी टिकते, तीच मैत्री.

चौथी कसोटी प्रश्नाची. व्याख्यान संपल्यावर श्रोत्याला प्रश्न विचारता येतो काय, आणि विचारणाऱ्याकडे लोक डोळे वटारून पाहतात काय, यावरून त्या सभेची योग्यता ठरते.

व्याख्यानाची मर्यादा

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. शिकागोची परिषद ११ सप्टेंबर १८९३ रोजी सुरू झाली. त्याच्या बरोबर एक महिना अगोदर, ११ ऑगस्ट १८९३ रोजी, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा उसळला आणि अनेकांचे प्राण गेले. मुंबई म्हणजे तेच शहर, जेथे पंचेचाळीस वर्षे व्याख्याने चालू होती, ग्रंथालये होती, सभा होत्या. मग या साऱ्याचा उपयोग तो काय झाला?

याचे उत्तर असे, की व्याख्यानाला येतो तो माणूस बहुधा अर्धा समजलेला असतो. ज्याला समजून घेण्याची सर्वांत अधिक गरज, तो सभागृहाच्या पायऱ्या चढतच नाही. शिवाय दंगा करणाऱ्याच्या मनातील विष एका दिवसाचे नसते. 'ते लोक असेच' हे वाक्य ओसरीवर, नाक्यावर, आता तर हातातल्या मोबाइलवर, रोज थेंबथेंब झिरपत असते. वर्षातून एकदा होणारे व्याख्यान त्या रोजच्या थेंबांना पुरे पडत नाही. पुरे पडावयाचे असेल, तर व्याख्यानातील रीत रोजच्या बोलण्यात उतरली पाहिजे.

आपल्या घरी, आपल्या शाळेत

आम्हां गोमंतकीयांना आपल्या सलोख्याचा अभिमान आहे, आणि तो अस्थानी नाही. कोणी उपकार केला तर हिंदूही आणि ख्रिस्तीही 'देव बरें करूं' असेच म्हणतो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. ती शिरगावच्या लईराईची बहीण, अशी लोकांची श्रद्धा आहे. हे नाते सुंदर आहे आणि ते जपलेच पाहिजे. परंतु तेल घालून परतणाऱ्या आपल्यांपैकी कितीजणांनी शेजारच्या ख्रिस्ती मित्राला विचारले आहे, की तुम्ही मारीयेला काय मानता? आणि त्या मित्राने कधी आपल्याला विचारले आहे काय, की लईराईचे धोंड होमकुंडातून चालण्यापूर्वी व्रत पाळतात ते कशासाठी? बडोद्याच्या श्रोत्याने बुद्धाला अवतारांत बसवून जसे समाधान मानले, तसेच आपण बहिणीचे नाते जोडून समाधान मानीत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

धर्मानंद बडोद्यात बोलत होते तेव्हा बौद्ध धर्म मानणारा मराठी श्रोता सापडणे जवळजवळ अशक्य होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, आणि हे चित्र पालटले. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्धांची नोंद झाली. धर्मानंदांना जे शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, ते सांगणारा मित्र आज कदाचित तुमच्या शेजारच्या बाकावर बसला असेल. मुसलमान मित्र असेल, ख्रिस्ती मैत्रीण असेल. धर्मानंदांसारखे पायी हिंडण्याची गरज उरलेली नाही. प्रश्न विचारण्याइतकी आस्था मात्र हवी.

म्हणून आमची विद्यार्थ्यांना अशी सूचना आहे. येत्या वर्षी प्रत्येक इयत्तेत महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांचे एक छोटे व्याख्यान व्हावे. विद्यार्थ्याने आपल्या नव्हे, तर मित्राच्या घरातील एका सणाविषयी किंवा व्रताविषयी बोलावे. त्यापूर्वी त्याने मित्राच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारावे, टिपण करावे आणि ते त्यांनाच वाचून दाखवावे. 'असे नाही रे बाळा, ते असे' म्हणून त्यांनी केलेली दुरुस्ती हीच खरी शिकवण. व्याख्यानानंतर पाच मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. पालकांनाही आमची विनंती आहे, की मूल असे प्रश्न घेऊन घरी आले, तर 'आपल्याला काय करायचे आहे ते' असे म्हणून त्याला परतवू नये.

मराठीत 'समजूत' हा शब्द मोठा बोलका आहे. समजूत म्हणजे समजणे. आणि समजूत म्हणजे मनाने धरून ठेवलेला, कदाचित चुकीचाही, ग्रह. दुसऱ्या धर्माविषयीच्या आपल्या मनातील अशा समजुती तपासून पाहण्याचे धैर्य येणे, हेच व्याख्यानाचे फळ. ते पदरात पडले, तर सोसण्याचे काही कारणच उरणार नाही.

अभ्यासासाठी

१. 'सोसणे' आणि 'समजून घेणे' यांतील फरक तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. वाद आणि व्याख्यान यांची तुलना करा. वादाचाही उपयोग झाला, असे लेखात का म्हटले आहे?

३. बुद्धाला अवतार मानणे आणि बौद्ध धर्म समजून घेणे, या दोन गोष्टी भिन्न का आहेत?

४. तुम्ही ऐकलेले एखादे भाषण लेखातील चार कसोट्यांवर पारखून पाहा. ते कोणत्या कसोटीला उतरले आणि कोणत्या कसोटीला उतरले नाही, ते लिहा.